सेंतेंद्रे : परत जायचंय म्हणून वसलेलं गाव

दुनाकाठ

बुडापेस्टला येऊन मला सहा वर्षं झाली. घरी पाहुणे आले की एक दिवस त्यांना सेंतेंद्रेला न्यायचं हे ठरलेलं. बात्त्यानी चौकातून हिरवी लोकल पकडायची (इथे तिला 'हेव' म्हणतात), उत्तरेकडे वीस किलोमीटर, चाळीसेक मिनिटांत शेवटचं स्टेशन. दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, पिवळ्या-तांबड्या भिंतींची बुटकी घरं, गल्ली उतरत गेलं की दुना नदी. दुना म्हणजे आपण जिला डॅन्यूब म्हणतो ती. पाहुणे फोटो काढतात, आइस्क्रीम खातात, संध्याकाळी परत.

आईबाबा आले तेव्हा त्यांनाही घेऊन गेले. बाबा मुख्य चौकात उभे राहून म्हणाले, "एवढ्याशा गावात एवढी चर्च कशाला गं? आणि रस्त्याला धरून का नाही बांधलीत?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या गावाबद्दल वाचायला लागले, ते अजून चालूच आहे. जे कळलं ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे सांगावं.

रस्त्याला न जुमानण्याचं उत्तर सोपं निघालं. ही ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची चर्च आहेत आणि त्यांची वेदी पूर्वेला असावी लागते, मग रस्ता कुठल्याही दिशेने जात असो. एवढी का, याचं उत्तर मात्र मोठं आहे.

आधीचं थोडक्यात. दुना ही रोमन साम्राज्याची सरहद्द. तिच्या काठाने ओळीने लष्करी ठाणी होती, त्यातलं एक इथे होतं : उल्सिसिया कास्त्रा. 'लांडग्यांचा किल्ला' असा त्याचा अर्थ लावतात. तिथे काही काळ सीरियातून आणलेले तिरंदाज तैनात होते. पुढे हंगेरियन आले, संत अँड्र्यूच्या नावाने गाव वसलं. अँड्र्यूचं इथे 'एंद्रे' होतं, म्हणून सेंतेंद्रे. मग तुर्कांचा काळ. बुडा १५४१ ते १६८६ त्यांच्या ताब्यात होतं आणि त्या धामधुमीत आसपासची गावं ओस पडली. सेंतेंद्रेही जवळजवळ रिकामं झालं.

आता १६९०. दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाच्या सैन्याने तुर्कांकडून बेलग्रेड घेतलं होतं आणि सर्बियातले लोक त्या सैन्याच्या बाजूने उठले होते. मग युद्धाचं पारडं फिरलं. तुर्क परत येऊ लागले, आणि बंड केलेल्यांचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेच इथल्या धर्मपीठाचे प्रमुख आर्सेनिये तिसरे चार्नोयेविच यांच्या मागोमाग हजारो कुटुंबं उत्तरेला निघाली. ऑक्टोबरमध्ये बेलग्रेड पडलं तेव्हा हे लोक दुनेच्या काठाकाठाने बुडाच्याही वर पोचले होते. सम्राट लिओपोल्ड पहिला याने ऑगस्टमध्येच त्यांना सनद दिली होती : स्वतःचा धर्म, स्वतःचं पंचांग, स्वतःचा धर्मप्रमुख निवडायचा हक्क. त्यातले सुमारे ६ हजार जण या ओस गावात थांबले असं सांगतात.

थांबले हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. त्यांना इथे राहायचं नव्हतं. युद्ध संपलं की परत जायचं होतं. म्हणून त्यांनी चर्च बांधली ती लाकडाची, आणि ज्या गावाहून आले त्या गावची माणसं एकत्र राहिली. बेलग्रेडवाल्यांचा भाग वेगळा, पोझारेवात्सवाल्यांचा वेगळा, ओपोवोवाल्यांचा, चिप्रोवत्सीवाल्यांचा वेगळा. कातडी कमावणाऱ्यांचा आणखी निराळा. प्रत्येक भागाचं आपलं चर्च. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. एका गावात अनेक गावं होती आणि प्रत्येकाला आपलं मोडायचं नव्हतं.

१६९९ मध्ये कार्लोवित्सचा तह झाला. सर्बियाचा बहुतेक भाग तुर्कांकडेच राहिला. परतीची वाट बंद झाली. आर्सेनिये १७०६ मध्ये व्हिएन्नात वारले.

१७१७ मध्ये ऑस्ट्रियाने बेलग्रेड पुन्हा जिंकलं. म्हणजे या लोकांच्या मुलांना पुन्हा आशा वाटली असणार. १७३९ मध्ये ते पुन्हा गेलं. आणि आता सेंतेंद्रेतल्या दगडी चर्चच्या तारखा बघा. कातडीवाल्यांचं प्रेओब्राझेन्स्का १७४१ ते ४६. चौकातलं ब्लागोवेश्तेन्स्का १७५२ ते ५४. बेलग्रेडवाल्यांचं मोठं चर्च १७५६ ते ६४. पोझारेवात्सवाल्यांचं १७५९ ते ६३. १७३९ नंतर पंचवीस वर्षांत लाकडाचं सगळं दगडाचं झालं. नातवंडांनी मान्य केलं की आता इथेच.

मला त्या तारखा पहिल्यांदा एका ओळीत दिसल्या तेव्हा फार गलबलून आलं. त्या चौकात मी किती वेळा उभी राहिले होते.

मुक्ता

खूप सुंदर लिहिलंयस. बाबांचा प्रश्न भारी आहे.

दोन शंका. उच्चार सेंटेंड्रे की सेंतेंद्रे? आणि मी कुठेतरी वाचलं होतं की ते लोक येताना एका राजाचा देहही बरोबर घेऊन आले. खरं आहे का?

दुनाकाठ

सेंतेंद्रेच. हंगेरियनमधले त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत, मराठी माणसाला फार सोपे जातात.

राजाचं खरं आहे. लाझार. १३८९ मध्ये कोसोवोच्या लढाईत मारला गेलेला सर्बियन राजा, त्यांच्यासाठी संत. त्याचे अवशेष रावानित्साच्या मठात होते. मठवासी निघाले तेव्हा ते उचलून बरोबर घेतले आणि इथे नदीकाठच्या एका लाकडी चर्चमध्ये ठेवले. १६९७ मध्ये ते फ्रुश्का गोरा डोंगरातल्या व्र्दनिकच्या मठात नेले. दुसऱ्या महायुद्धात तिथून बेलग्रेडला, आणि १९८९ मध्ये, लढाईला ६०० वर्षं झाली तेव्हा, परत रावानित्साला. गावातून निघालेल्यांपैकी परत पोचला तो एवढा एकच, असं मला नेहमी वाटतं. तीनशे वर्षं लागली. ते लाकडी चर्च होतं तिथे आता नुसता एक क्रूस आहे, त्याला लाझारचा क्रूस म्हणतात. पर्यटक सहसा तिकडे वळत नाहीत.

जुनी वही

लेख आवडला, पण काही मुद्दे नोंदवतो.

एक, लिओपोल्डच्या 'निमंत्रणा'बद्दल. तुम्ही ऑगस्टच्या सनदेबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे. पण त्याच्या आधीचं ६ एप्रिल १६९० चं पत्र आहे आणि त्याबद्दल बराच गैरसमज आहे. त्या पत्रात सम्राटाने बाल्कनमधल्या लोकांना तुर्कांविरुद्ध उठायला सांगितलं होतं आणि घरदार, शेती सोडू नका असं म्हटलं होतं. पुढे त्यातला नकार गाळून 'सोडा' असा पाठ फिरू लागला. त्यामुळे सम्राटाने बोलावलं म्हणून ते आले, ही गोष्ट नंतरची आहे. ते जीव वाचवायला आले. सनद त्यानंतरची, आणि ती देण्यात सम्राटाचाही स्वार्थ होता. त्याला सरहद्दीवर लढणारी माणसं हवी होती.

दोन, आकडे. '३७ हजार कुटुंबं आली' असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. कुटुंबं ३७ हजार म्हणजे माणसं दोन लाखांच्या घरात. आर्सेनिये यांच्या स्वतःच्या पत्रांत तीस हजारांहून जास्त, चाळीस हजारांहून जास्त जीव असे उल्लेख आहेत. जीव, कुटुंबं नव्हेत. ते जास्त विश्वासार्ह.

या स्थलांतराचं जे चित्र सगळीकडे दिसतं ते पाया योवानोविचचं, १८९६ च्या बुडापेस्ट प्रदर्शनासाठी सांगून काढून घेतलेलं. पहिल्या आवृत्तीत मेंढ्या होत्या. काम देणाऱ्या धर्मप्रमुखांना ते पटलं नाही. आमचे लोक हक्काने आलेले योद्धे होते, मेंढ्या हाकत पळालेले नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. मग मेंढ्या काढून सैनिक आले. आपल्या पूर्वजांनी निर्वासित असण्यात कमीपणा का वाटावा, हा प्रश्न मला त्या चित्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तीन, दगडी चर्चचा तुमचा निष्कर्ष. तारखा बरोबर आहेत, पण आशा सुटली म्हणून दगड आला, हे मला घाईचं वाटतं. दगडाला पैसा लागतो. १७४० ते ७० हा सेंतेंद्रेच्या व्यापाऱ्यांचा भरभराटीचा काळ. पैसा आला म्हणून चर्च उभी राहिली.

दुनाकाठ

एप्रिलच्या पत्राबद्दल मनापासून आभार. मीही 'बोलावलं' असंच धरून चालले होते, लेखात तसा शब्द आला नाही हा योगायोग. मेंढ्यांचं वाचून वाईट वाटलं. बायकांनी आणि पोरांनी मेंढ्या हाकत, शिव्या खात, चिखल तुडवत शेकडो मैल पार केले असतील, आणि चित्रात त्यांनाच जागा नाही.

पैशाचा मुद्दा मान्य. पण पैसा इथे घालायचा की नाही, हा निर्णय उरतोच ना? परत जायचं असेल तर माणूस पैसा गाठीला ठेवतो. आमच्या इमारतीत एक युक्रेनियन बाई राहतात. दोन वर्षं झाली, अजून त्यांनी पडदे लावलेले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, कशाला, जायचंच आहे. माझं मत त्या पडद्यांवरून बनलंय, हे कबूल करते.

जुनी वही

पडद्यांचं पटलं. म्हणजे कारणं दोन, आणि दोन्ही एकाच वेळी घडली. माझा 'घाईचं' हा शब्द मागे घेतो.

व्यापाऱ्यांबद्दल थोडं. हा माल मुख्यतः द्राक्षारस आणि कातडी. दुनेवरून नावांनी वर-खाली जायचा. सगळे सर्ब नव्हते, ग्रीकही होते. त्यांची सनदी व्यापारी मंडळी होती. मुख्य चौकाच्या मध्यभागी जो क्रूस आहे तो त्यांनीच १७६३ मध्ये उभारला. प्लेगची साथ गावाला न शिवता गेली म्हणून कृतज्ञतेने, असं सांगतात. दाल्मेशियाहून आलेले कॅथलिकही होते, ते टेकडीच्या बाजूला राहिले. टेकडीवरचं कॅथलिक चर्च या सगळ्यांच्या आधीचं, मध्ययुगातलं.

फळा

शिक्षकी पेशातली असल्यामुळे एक भर. सर्बियन शिक्षक घडवणारं पहिलं विद्यालय १८१२ मध्ये सेंतेंद्रेत सुरू झालं. चारच वर्षं टिकलं इथे. १८१६ मध्ये ते सोम्बोरला हलवलं, आणि तिथे पुढे खूप वाढलं. सर्बियातल्या मास्तरांची पहिली पिढी हंगेरीतल्या या गावात शिकली, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि मला वाटतं गावाचा उतार तेव्हापासूनच दिसायला लागतो. शाळा दक्षिणेला गेली म्हणजे मुलं दक्षिणेला होती.

द्राक्षबाग

निफाडकडचा आहे, द्राक्षाच्या घरातला. इतिहासातलं काही कळत नाही, पण द्राक्षारसाचा विषय निघाला म्हणून विचारतो. या गावच्या बागा आज आहेत का? कुठली जात होती?

दुनाकाठ

कादार्का नावाचं काळं द्राक्ष. ते सर्बांनीच दक्षिणेतून बरोबर आणलं असं मानतात. मागच्या पिलिशच्या डोंगरउतारांवर बागाच बागा होत्या. आज तिथे घरं आहेत. १८८० च्या दशकात फायलोक्झेरा आला आणि बागा गेल्या.

द्राक्षबाग

मग समजलं. फायलोक्झेरा म्हणजे मुळावरची माव्यासारखी बारीक कीड. वर पानं पिवळी पडेपर्यंत खाली मूळ संपलेलं असतं, औषध मारून उपयोग नाही. अमेरिकेतून आली आणि उपायही अमेरिकेचाच निघाला : तिकडच्या जंगली वेलाच्या खुंटावर आपली जात कलम करायची. तो खुंट किडीला दाद देत नाही. आमच्याकडे डॉगरिजचा खुंट वापरतात तोही अमेरिकनच, फक्त आमचं कारण क्षारपड जमीन आणि कमी पाणी.

पण कलमाची बाग नव्याने लावायची म्हणजे तीन वर्षं उत्पन्न नाही आणि खर्च सगळा आधी. ज्याच्याकडे दुसरं काही आहे तोच तग धरतो. एका पिकावर उभं गाव असेल तर ते बसतंच. आमच्याकडे गारपिटीच्या एका रात्रीने काय होतं ते पाहिलंय, इथे तर मूळच गेलं.

दुनाकाठ

हे कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं. तीन वर्षं उत्पन्न नाही, हा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता.

नेमकं तेच झालं. व्यापार आधीच बुडापेस्टकडे सरकला होता. १८७२ पासून तीस वर्षं इथे नगराध्यक्ष होते दुमचा येनो, ऑर्थोडॉक्स व्यापारी घराण्यातलेच. स्टेशनकडून चौकात जाणारा मुख्य रस्ता त्यांच्या नावाचा आहे. त्यांच्याच कारकिर्दीत बागा गेल्या आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८८८ मध्ये, लोकल आली. कुटुंबं पांगत गेली. मग पहिलं महायुद्ध, १९२० चा त्रियानोंचा तह. त्यात अल्पसंख्याकांना आपला देश निवडायची मुभा होती. १९२० च्या दशकात बरीच सर्बियन कुटुंबं दक्षिणेला नव्या राज्यात (पुढचं युगोस्लाव्हिया) गेली.

म्हणजे परत गेले. पण २३० वर्षांनी, ज्यांना ती वाट आठवतही नव्हती अशा माणसांचे वंशज. आणि चर्च राहिली. ओपोवोवाल्यांचं आज प्रोटेस्टंट रिफॉर्म्ड पंथाकडे आहे, चिप्रोवत्सीवाल्यांचं कॅथलिकांकडे. बाकीची ऑर्थोडॉक्सच आहेत आणि बुडाच्या सर्बियन धर्मप्रांताचं पीठ आजही सेंतेंद्रेत आहे. भक्त मात्र मोजके.

कुंचला

धागा उशिरा वाचला. चित्रकारांचा उल्लेख नाही म्हणून लिहितोय.

रिकामी घरं स्वस्त झाली, लोकलने राजधानी जवळ आली, मग चित्रकार आले. १९२६ मध्ये आठ तरुणांनी इथे वसाहत सुरू केली आणि दोन वर्षांत त्यांची रीतसर संस्था झाली. पण माझ्या दृष्टीने खरं काम १९३५ च्या सुमारास वायदा लायोश आणि कोर्निश देजो यांनी केलं. (हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात.) बार्तोक आणि कोदाय हे संगीतकार खेड्यापाड्यांतून लोकगीतं गोळा करत होते, तसे हे दोघे सेंतेंद्रेत आकार गोळा करत फिरले. खिडकीची चौकट, थडग्यावरचा दगड, कुंपणाचं लाकूड, मूर्तिपटावरचा (चर्चमधल्या संतांच्या चित्रांच्या भिंतीवरचा) चेहरा. घरी येऊन वायदा ते सगळं एकाच कागदावर एकावर एक रेखाटायचा, नुसत्या रेघांनी. घरातून संत दिसतो, संतातून कुंपण दिसतं. तुम्ही म्हणता ना, एका गावात अनेक गावं होती. ते त्याने रेघेत पकडलंय.

तो ज्यू होता. सक्तीच्या मजुरीला नेलं, क्षयाने १९४१ मध्ये गेला. वय ३३.

मुक्ता

अंगावर काटा आला. अमृता शेरगिल यांचा या गावाशी काही संबंध होता का? त्या बुडापेस्टच्याच ना?

कुंचला

जन्म बुडापेस्टचा, १९१३. पण त्यांचं गाव वेगळं, राजधानीच्या दुसऱ्या टोकाचं : दुनाहरास्ती. तेही दुनेच्या फाट्यावर, तिथेही हेव जाते, फक्त दक्षिणेला. पहिल्या महायुद्धात कुटुंबाला भारतात परतता आलं नाही, ती वर्षं अमृता यांनी तिथे काढली. १९२१ मध्ये सगळे भारतात आले. त्यांचे मामा एर्विन बक्ताय यांचा जन्मही दुनाहरास्तीचाच, १८९० चा. आधी चित्रकार, मग भारतविद्येचे अभ्यासक. भाचीने समोर माणूस बसवून चित्र काढावं, हा आग्रह त्यांचा. यावर वेगळा धागा काढायला हवा.

पायवाट

मागच्या शरद ऋतूत जाऊन आलो. बेलग्रेडवाल्यांच्या चर्चच्या आवारात तासभर बसलो होतो, झाडं दाट आहेत आणि चौकातला आवाज तिथे येत नाही. तांबडा मनोरा. आतला सोनेरी मूर्तिपट १७७०-८० च्या सुमाराचा, इतका उंच की मान वर करून बघावं लागतं.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. गावात एक अगदी लहान सिनेगॉग आहे, घराएवढंच, स्मारक म्हणून केलेलं. १९४४ च्या उन्हाळ्यात इथल्या ज्यू रहिवाशांना औशवित्झला पाठवलं. सर्ब गेले त्यांची चर्च उभी आहेत, मोठी, सुंदर, सगळ्यांना दिसणारी. यांच्यासाठी एक खोली आहे. मी आत शिरलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

दुनाकाठ

पायवाट, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मूळ लेखात मीच लिहायला हवं होतं. त्या दारावरून मी इतकी वर्षं पुढे जात आले. पुढच्या वेळी आत जाईन.

मुक्ता, तू व्यक्तिगत निरोप पाठवून कधी यावं विचारलंस, ते इथेच सांगते, इतरांनाही उपयोग होईल. १९ ऑगस्टला ये. प्रेओब्राझेन्स्का चर्चचा सण असतो, जुन्या पंचांगाने, जे त्या सनदेत मागून घेतलं होतं तेच. प्रार्थनेनंतर द्राक्षांची टोपली आणतात, त्यावर आशीर्वाद देतात आणि घोस वाटतात. बाहेरून आणलेली द्राक्षं असतात, आता इथे कुठली. मग अंगणात वाद्यं लागतात आणि लोक हात धरून कोलो नाचायला लागतात. दक्षिणेत गेलेल्या घरांतलीही काही मंडळी त्या दिवशी येतात. मागच्या वर्षी माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्यांनी मला घोसातली चार द्राक्षं तोडून दिली आणि हाताला धरून रिंगणात ओढलं.

स्टेशनला मी घ्यायला येईन. आधी लाझारच्या क्रूसाकडे जाऊ, मग सिनेगॉग, मग तिकडे.